निशाणाच्या अलीकडे

मंगल गेली तेव्हा मी चहा आणायला खाली गेलो होतो. मंचरच्या ज्या दवाखान्यात तिचे शेवटचे दिवस गेले, त्याच्या फाटकासमोर एक टपरी आहे. उन्हं नुकती वर आली होती, टपरीवाल्यानं नवं आधण ठेवलं होतं. “बसा भाऊ, जरा उकळू द्या,” तो म्हणाला आणि मी बसलो. निघताना तिला सांगून आलो होतो, चहा घेऊन आलोच; तिनं डोळ्यांनीच ‘या’ म्हटलं होतं. किटली घेऊन वर गेलो तर नर्स दारातच उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही... दुःखाच्या आधी मला राग आला. हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं तेच आहे. जी बाई जन्मभर ज्याच्या त्याच्यासाठी थांबत आली, ती माझ्या एका चहासाठी थांबली नाही. किटली मी कुठं ठेवली ते मला आजही आठवत नाही.

मंगल माझी बायको. पेठच्या आसपासच्या गावांतल्या लोकांना ती ‘खेळाच्या बाई’ म्हणून माहीत होती. शाळेत ती खेळ शिकवायची, शाळेबाहेर पोरींना पळायला शिकवायची, आणि या दोन्हींतून जो काही वेळ उरेल त्यात स्वतः पळायची. तिची आवडती शर्यत अर्धमॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर. मी पाटबंधारे खात्यात कारकून. मला बसस्टॉपपर्यंत पळायचं म्हटलं तरी धाप लागते. पण लग्न झाल्यापासून पहाटे तिच्या मागं सायकलवर पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन जाणं हे माझं काम झालं, आणि गावात मी ‘बाईंचा सायकलवाला’ म्हणून ओळखला जाऊ लागलो. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. माझा दिवस नेमका या दोन्हींतच गेला.

घोड्याचं उगीच म्हटलं नाही. तिचं माहेर पिंपळवंडी, आणि आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, शर्यतीचा बैलगाडा होता. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे घाट म्हटलं की डोंगरातला रस्ताच असेल असं नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी बांधून काढलेली चढाची सरळ धाव, तिलाही घाटच म्हणतात. खालून बैल सुटतात, वरच्या टोकाला निशाण असतं आणि घड्याळ तिथं थांबतं. बैलांच्या पुढं एक घोडी पळवतात. तिच्यावर स्वार असतो, आणि तिला गाठायच्या ईर्ष्येनं बैल जीव खाऊन पळतात. निशाणावरून पहिली जाते ती घोडीच, पण घड्याळ बैलांवर लावलेलं असतं. भंडारा बैलांच्या पाठीवर उधळतात, बक्षीस बैलांना, फोटो बैलांचा. घोडीला कुणीतरी बाजूला नेऊन पाणी दाखवतं. लहानपणी आबांची घोडी फिरवून आणायचं काम मंगलकडं असे. दोरी हातात धरून ती बांधाबांधानं निघायची. घोडी नुसती दुडकी चालली तरी हिला पळावं लागायचं. माझा पहिला कोच चार पायांचा होता, असं ती पोरींना सांगायची आणि पोरी हसायच्या.

आबांची आणखी एक गोष्ट तिनं उचलली. शर्यतीच्या बैलाला औताला जुंपायचं नसतं, त्याला नुसतं सांभाळायचं, खाऊ घालायचं, असं गाडामालक म्हणत. आबा मात्र हलक्या मातीत, मोजक्या वेळी, आपले बैल नांगराला धरायचे. लोक हसायचे. आबांचं म्हणणं असं की नुसत्या पळणाऱ्या बैलाचा पाय चढाला ढिला पडतो, आणि नुसत्या ओढणाऱ्याला वेग नसतो. दोन्ही पाहिजे, पण एका दिवशी दोन्ही मागायचं नाही. पुढं क्रीडाशिक्षणाच्या कॉलेजात तिला हेच पुस्तकातून शिकवलं तेव्हा तिला फार मौज वाटली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमचं लग्न झालं तेव्हा माझी नेमणूक डिंभ्याला होती. धरणाजवळची कॉलनी, चार-दोन घरं, आणि मनाला येईल तेव्हा येणारी एस.टी. सून पळते ही गोष्ट तोवर आमच्या घरात कुणी ऐकली नव्हती. पहिले काही दिवस ती अंधार असतानाच पळून यायची. मग एकदा एस.टी.चा ड्रायव्हर तिच्या शेजारी गाडी हळू करून म्हणाला, “वहिनी, बसा की. किती पळताल?” तिनं त्याला सांगितलं, “ऱ्हाऊ द्या दादा, तुमची दुसरी फेरी यीस्तोवर मी पोचते.” ही गोष्ट दुपारपर्यंत घोडेगावच्या बाजारात गेली. संध्याकाळी माझ्या साहेबांनी मला हसत हसत विचारलं तेव्हा मी मान खाली घातली, आणि घरी आल्यावर तिला सांगितलं, सायकलची घंटी दुरुस्त करून घेतो, उद्यापासून मी मागं येतो. त्यानंतर ती उजेडात पळू लागली.

मग माझी बदली मंचरला झाली, तिला पेठला शाळा मिळाली आणि आम्ही पेठला घर केलं. तिथं तिला रिकामा घाट सापडला. यात्रेचे दिवस सोडले तर वर्षभर त्यावर कुणी फिरकत नाही. चार पोरींवर सुरुवात झाली. पोलीस भरतीत बायकांना घेतात हे कळल्यावर पोरी वाढल्या. आबांच्या जुन्या गाड्याचा लोखंडी आस तिनं पिंपळवंडीहून आणवला. त्याच्या दोन्ही टोकांना तेलाचे रिकामे डबे अडकवून त्यात सिमेंट ओतलं, आणि आमच्या परसात, पेरूच्या झाडाखाली, पोरी तो आस खांद्यावर घेऊन बैठका मारू लागल्या. त्यांच्या आया भांडायला आल्या. पोरींचे दंड पैलवानासारखे झाले तर पदरात कोण घेईल, असा त्यांचा सवाल होता. मंगलनं त्यांच्याशी वाद घातला नाही. परसातल्या टाकीपासून दारापर्यंत पाण्याचे दोन हंडे त्यांच्यातल्या एकीला उचलायला लावले आणि म्हणाली, बघा, तुमचे दंड कसे आहेत ते. आया हसल्या, चहा पिऊन गेल्या. पोरी येत राहिल्या.

आठवड्याची वाटणी तिनं आबांच्याच हिशेबानं केली होती. आस उचलायचा त्याच्या दुसऱ्या दिवशी अंग मोकळं करण्यापुरतं हळू पळायचं. लांब पळायच्या आदल्या दिवशी आसाला हात लावायचा नाही. पोरींना ते बरोबर लागू पडलं. घोळ व्हायचा तो तिचा स्वतःचा. पोरींच्या पुढं तीच पळायची, बैलांपुढच्या घोडीसारखी, त्यांना झेपेल त्याच्या जरा पुढची चाल धरून. पोरींसाठी ती चाल दमवणारी, हिच्यासाठी ते नुसतं अंग गरम करणं. स्वतःसाठी जोरात पळायला वेगळा दिवस लागतो, आणि तो दिवस कुठल्या ना कुठल्या पोरीनं नेलेला असायचा. कुणाची भरती जवळ आलेली, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला घरून पाठवत नाहीत म्हणून बाईंनी येऊन सांगायचं. मी कधी बोललो तर म्हणायची, पुढच्या महिन्यात बघू.

शबाना त्या पोरींतली सगळ्यात चांगली. तिचे वडील गाद्या भरायचे. रस्त्याला लागूनच त्यांचं दुकान होतं. पोर पळू दे, पण हाफ पँटवर नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मंगलनं दुसऱ्या दिवसापासून स्वतः पंजाबी ड्रेसवर पळायला सुरुवात केली आणि पुढं कधी बदललं नाही. त्या वर्षी पुण्यातल्या एका अर्धमॅरेथॉनला दोघींनी नाव घातलं. मंगल पुढं, शबाना मागं. शेवटचं वळण घेऊन दोघी दिसल्या तेव्हा मी आनंदानं सायकलवर उभाच राहिलो. दोघींच्याही पुढं मोजक्याच बायका होत्या. आणि तिथं, रेषा समोर दिसत असताना, मंगल रस्त्याच्या कडेला झाली, थांबली, मागं वळून हात हलवत म्हणाली, “चल, चल, जा पुढं.” शबाना तिच्या अंगावरून निघून गेली आणि तिसरी आली. मंगल मागून चालत आली.

मी भडकलो होतो. तिचं उत्तर साधं होतं. घोडी निशाणावरून आधी गेली तर बैलाचं काही बिघडत नाही, कारण घोडीचा नंबर धरत नाहीत. पण माझा धरतात. मी पुढं गेले तर पोरीची जागा जाईल. पुढची कित्येक वर्षं हेच चाललं. दर शर्यतीला कोणीतरी मागं असायची, आणि दर शर्यतीला ही शेवटच्या वळणानंतर बाजूला व्हायची. शबाना पोलिसात गेली, मग दुसरी आली, तिसरी आली. आमच्या शोकेसमध्ये पोरींच्या फोटोंची गर्दी झाली. मंगलचा एकही कप त्यात नव्हता. लोक मला म्हणायचे, बाई लई मोठ्या मनाच्या. ते ऐकून मला बरं वाटायचं नाही, कारण लोक घरी गेल्यावर ती कधीमधी शोकेस पुसताना हळू व्हायची, ते मी बघत होतो.

शेवटी मीच एक हट्ट धरला. तिची चाळिशी जवळ आली होती. मी म्हटलं, एक वर्ष. एकदाच. कुठलीही पोर नाही, कुणाची भरती नाही, एक शर्यत तुझ्या स्वतःच्या नावानं पळ, आणि मागं न बघता जा. दोन दिवसांनी तिनं विचारलं, “आणि पोरींचं काय?” मी म्हटलं, मी बघतो. यावर ती इतकी हसली की मला अपमान वाटायला हवा होता. पण मी खरंच बघितलं. शिट्टी गळ्यात घालून पहाटे घाटावर उभा राहायचो, पोरी मला ‘सर’ म्हणताना तोंड लपवून हसायच्या, आणि ती एकटी हमरस्त्याच्या कडेनं निघून जायची. आसाचे दिवस, लांब पळायचे दिवस, विश्रांतीचे दिवस, सगळं पहिल्यांदा फक्त तिच्यासाठी मांडलं गेलं. चार-पाच महिन्यांत ती अशी तयार झाली की सायकलवरून तिला गाठताना माझी दमछाक होऊ लागली. पहिल्या तिघींत येईन, ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. असं ती स्वतःबद्दल आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती.

शर्यतीच्या दिवशी मी त्याच शेवटच्या वळणाच्या पुढं, कठड्याला टेकून उभा होतो. पहिली बाई गेली, दुसरी गेली, आणि तिसरी वळणावरून आली ती मंगल. पाय सरळ पडत होते, खांदे सैल होते. रेषेवरचं कापड तिला दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात... ती कडेला झाली. थांबली. मागं वळली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून हात हलवायला लागली, चल, चल. मला क्षणभर कळेचना. मी ओरडलो, “अगं मंगल, मागं कुणी नाही, तूच आहेस.” तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काहीच ओळख नव्हती. कठड्यापलीकडचे लोक हसले. तोवर वळणावरून दोघी आल्या आणि तिच्या अंगावरून गेल्या. मग ती भानावर आली, धावली, पाचवी आली.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. चाकण आलं. मला वाटत होतं ती हसण्यावारी नेईल, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. पुढं गावानं ती तशीच सांगितली. पण ती म्हणाली, “मला लई वाईट वाटतंय हो. मला खरंच नंबर पायजे व्हता.” एवढं बोलून ती रडली, आवाज न करता, ओढणीत तोंड घालून. मी चिडून म्हणालो, त्या पोरींनी तुझे पाय खाल्ले. तिनं मान हलवली. “पोरींचं नाव घेऊ नका,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती घाटावर होती, शिट्टी तिनं माझ्याकडून परत घेतली होती, आणि पोरींना एक नवा नियम मिळाला होता. रेषा ओलांडेपर्यंत मागं बघायचं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पळायचं असं आमचं ठरलं होतं. पण ती दमायला लागली. घाट अर्धा चढला की थांबायची. तिला वाटलं, ताकदीचं जास्त झालंय, म्हणून तिनं आस बंद केला. फरक पडेना तेव्हा लांब पळणं कमी केलं. मग वाटलं, पळणं कमी झाल्यानंच अंग जड झालंय, म्हणून पुन्हा थोडं वाढवलं. ती ज्या विषयात हुशार होती त्याच विषयात उत्तर शोधत राहिली, आणि मीही तिच्यावर विश्वास ठेवून मागं सायकल चालवत राहिलो. मांडीवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा कुठं आम्ही डॉक्टरकडे गेलो. रक्ताचा कर्करोग होता. लवकर आलो असतो तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. मध्ये एकदा काही आठवडे तिला बरं वाटलं. त्या दिवसांत एका सकाळी ती म्हणाली, घाटावर जाऊ. पोरींना शाळा होती, घाटावर कुणी नव्हतं. डोक्याला रुमाल बांधलेली, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये बुडालेली मंगल खालून चढायला लागली. मी मुद्दाम मागं राहिलो. ती दहा पावलं चालायची, थांबायची, पुन्हा चालायची. वर निशाणाच्या जागी चुन्याची फिकट रेघ अजून दिसत होती. त्या रेघेच्या अलीकडे ती थांबली, कडेला झाली आणि मागं वळली.

“या,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “आज तरी तू आधी जा.”

ती खाली बसली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. उताराकडे बघत तिनं मला ती गोष्ट सांगितली जी तिनं एस.टी.त सांगितली नव्हती.

“त्या दिशी मी इसरले नव्हते,” ती म्हणाली. “म्हंजे मागं कुणी न्हाई, हे मला सुरवातीला ठाऊक व्हतं. पण एकटीचे पाय उचलंनात. मग मी मनात धरलं, की शबाना मागं हाय. तिच्या मागं बाकीच्या हायत. सगळा रस्ता मी तसंच धरून पळाले. म्हणून तर तेवढी पळाले. मग वळणावर आल्यावर त्यांना पुढं सोडायला नको का?”

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की पोरींनी तिचं पळणं नेलं. तिचं पळणं पोरींच्याच पायांवर होतं, हे मला त्या रेघेपाशी बसून कळलं. मी तिचा हात धरला. थोड्या वेळानं आम्ही उठलो आणि रेघ ओलांडली. आधी मी, मग ती.

त्यानंतर तिला घाटावर जाता आलं नाही.

तिला जाऊन आता दीड महिना होईल. दहाव्याला शबाना रजा घेऊन आली होती. पाहुण्यांतून उठून ती परसात गेली आणि बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेलो. साडीचा पदर खोचून, पेरूखाली, ती आस खांद्यावर घेऊन बैठका मारत होती. रडत होती आणि बैठका मारत होती. मला बघून थांबली नाही. मीही तिला थांबवलं नाही. आस अजून तिथंच आहे. सिमेंटच्या एका डब्याला तडा गेला आहे, आणि मधोमध, मानेवर टोचू नये म्हणून मंगलनं गुंडाळलेलं जुन्या साडीचं फडकं तसंच आहे. शनिवारी पोरी येतात, उचलतात, जागेवर ठेवतात.

आता मी पहाटे सायकल न घेता घाटावर जातो. सुरुवातीचे दिवस दवाखान्याच्या दारातला तो राग माझ्याबरोबर असायचा. थांबायला हवं होतं तिनं, असं घोकत मी चढायचो. मग एक दिवस अर्ध्या चढावर दम लागून उभा राहिलो आणि माझेच शब्द मला आठवले. एकदा तरी तुझ्या स्वतःच्या नावानं पळ, मागं न बघता जा, हे मीच तिला म्हणालो होतो. तिनं ऐकलं. फक्त माझं चुकीच्या वेळी ऐकलं... त्या दिवसापासून राग उतरला आहे. दुःख आहे तेवढंच आहे.

पण एकट्याचे पाय उचलत नाहीत, हेही तिनंच सांगून ठेवलं आहे. म्हणून चढायला लागलो की मी मनात धरतो, वर रेघेच्या अलीकडे, कडेला, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये ती उभी आहे आणि ‘या’ म्हणते आहे. तसं धरलं की वरपर्यंत पोचतो. पोचल्यावर तिथं थोडा वेळ बसतो, दम खातो, आणि पोरी यायच्या वेळेला खाली उतरतो.